येसूतात्याची काहील

यंदाही काकवीची बाटली आली. आमच्या आळीतल्या एकाचं माळेगावकडं गुऱ्हाळ आहे, तो माघात न चुकता पाठवतो. सूनबाई ती माझ्यापुढं ठेवते, "घ्या की थोडी भाकरीबरोबर," म्हणते, आणि मी दरवर्षी तेच सांगतो, की मला गोड सोसत नाही. साफ खोटं. चहात मला दोन चमचे साखर लागते आणि दीड पडली तर मी घर डोक्यावर घेतो, हे तिला ठाऊक आहे. पण शहाणी आहे, विचारत नाही. बाटली आठ दिवस फळीवर राहते आणि मग नातवंडं तिचा फडशा पाडतात.

वासाचं काय करणार? तो काही फळीवर ठेवता येत नाही. आता गुऱ्हाळं उरली थोडी, कारखाने झाले फार. उसाचे ट्रॅक्टर रस्त्यानं अशा रांगा लावतात की म्हाताऱ्या माणसाला पलीकडच्या दुकानात जायची चोरी. तरी माघ-फाल्गुनात एखाद्या संध्याकाळी वारा फिरतो आणि उकळत्या रसाचा वास अंगणात येऊन बसतो. येणारेजाणारे नाक वर करून म्हणतात, काय सुरेख वास! मला त्या वासात नदी दिसते, आणि नदीच्या मधोमध उभा राहून ओरडणारा एक माणूस.

ती नदी भीमा. इंदापूरच्या पलीकडं, जिथं ती करमाळ्याच्या अंगाला मोठा वळसा घेत होती तिथली. मी तेव्हा बावीस वर्षांचा, बारामतीचा, फायनल पास होऊन नुकताच मास्तर झालेला. लोकल बोर्डानं मला उचललं आणि नेऊन टाकलं ते या वळणावर. गावाचं नाव सांगून उपयोग नाही, ते आज धरणाच्या पाण्याखाली आहे. इंदापुरापर्यंत मोटार, तिथून बैलगाडी, आणि शेवटचे दोन कोस पायी. गाडीवान बाभळीच्या बनापाशी थांबला आणि म्हणाला, "म्होरं तुमी जावा मास्तर. दिस कललाय, हितं लांडगी फिरत्यात, बैलं बुजत्यात माजी." डोक्यावर वळकटी घेऊन मी त्या बनातून चाललो तेव्हा रडू फुटायचं बाकी होतं.

आम्ही पाटाच्या पाण्याची माणसं. आमचं पाणी सरळ चालतं, त्याला दारं असतात, पाळ्या असतात. भीमेला असलं काही नव्हतं. गावाच्या वरच्या अंगाला चार कोस माणसाची वस्ती नाही. दोन्ही काठांना बाभळी आणि लव्हाळे, मधे काळे खडक, खडकांवर पंख पसरून वाळत बसलेले पाणकावळे. उन्हं वर आली की वाळूवर सुसर येऊन पडे, इतकी निवांत की गावातल्या पाटलांनासुद्धा तसं पडता आलं नसेल. पाणमांजरांची टोळी होती. ती जाळ्यातले मासे अर्धे खाऊन अर्धे तिथंच ठेवून जायची, त्यामुळे नदीवर मासे धरणाऱ्या येसूतात्याच्या तोंडी त्यांचा आईबापांसकट उद्धार असे. पहिले दोन महिने मी बदलीचे अर्ज लिहिले. तिसऱ्या महिन्यात लिहायचं विसरलो.

विसरलो त्याला कारण येसूतात्या. जातीनं भोई, वयानं पन्नाशीच्या आसपास, बुटका, रुंद खांद्यांचा. गावाला नदी उतरवून पलीकडं नेण्याचं काम त्याच्याकडं बापजाद्यांपासून होतं आणि सुगीला त्याबद्दल घरटी धान्य मिळे. बाकीचा वेळ मासेमारी. हे सगळं तो काहिलीतून करी. काहील म्हणजे उसाचा रस जिच्यात उकळतात ती लोखंडी कढई. सहा हात रुंद, मांडीएवढी खोल. चुलीवर काही वर्षं भाजून निघाली, तिला ठिगळं लागली, की गुऱ्हाळवाला ती काढून टाकतो आणि आमच्या तिकडचे भोई ती नदीवर आणतात. होडी कुणी म्हणत नसे. काहीलच.

सकाळी पहिल्यांदा काहिलीत पाय टाकायच्या आधी तात्या वाकायचा, ओंजळीत पाणी घ्यायचा, आणि एखादी सुगरण आमटी चाखते तसं जिभेवर घोळवायचा. मग बाकीचं पाणी नदीत सोडून कपाळाला हात लावायचा. त्यांच्या घराण्याची ही रीतच होती. मला आधी हसू यायचं. "कशी झालीय आज?" मी विचारायचो. तो गंभीरपणे सांगायचा, "वर कुनी तरी मेंढरं धुतल्यात." एकदा दुपारी वरच्या अंगाला फिरायला गेलो तर खरंच धनगरांचा तळ पडलेला आणि मेंढरांची धुणी चाललेली. त्या दिवसापासून माझं हसणं बंद झालं.

एका गोष्टीचा त्याला फार अभिमान होता आणि तो लपवायचा नाही. गावात कुणीही बसलेलं असो, विषय काहीही असो, फिरून फिरून तिथंच यायचा. "येसूच्या काहिलीत पाय वल्ला झाला असं सांगनारा मानूस हुबा करा म्होरं. एकबी न्हाय घावायचा. माज्या बापाच्याबी न्हाय, आज्याच्याबी न्हाय." त्याची बायको, सारजाकाकू, चुलीपुढून म्हणायची, "झालं का सुरू? मास्तर, ह्यास्नी ज्येवायला वाढलं तरीबी आदी हे सांगत्यात, मंग घास घेत्यात." पण म्हणताना तिचाही आवाज जरा फुगायचाच.

दिवाळीनंतर पाणी निवळलं, हिरवंगार झालं, आणि मी वल्हं मारायला शिकायचं ठरवलं. अहो, कसलं शिकणं! काहिलीला पुढचं तोंड नाही, मागचं नाही. मी वल्हं मारलं की ती जागच्या जागी गरागरा फिरायची. काठावर धुणं धूत बसलेल्या सारजाकाकूनं एक दिवस हात थांबवले आणि विचारलं, "मास्तर, पलीकडं जायाचं न्हाय वाटतं? नदीलाच परदक्षिना घालताय?" सगळा घाट खिदळला. शाळेत दुसऱ्या दिवशी पोरं माझ्याकडं बघून हातानं गोल काढत होती.

"पान्याला ढकलताय तुमी," तात्या म्हणाला. "ढकलू नगा. म्होरं बसा, वल्हं म्होरं टाका आन पानी आपल्याकडं वढा. हिकडनं एकदा, तिकडनं एकदा. पानी तुमाला न्यायला बसलंय, तुमीच आडवं जाताय." पंधरा दिवसांनी एका सकाळी ती काहील सरळ गेली. चांगली शंभर पावलं. मी मागं वळून तात्याकडं बघितलं, तर तो तंबाखू मळत होता. "हं," म्हणाला फक्त. त्या 'हं'इतकं मोठं प्रशस्तिपत्रक मला पुढं उभ्या नोकरीत मिळालं नाही.

मग रोज पहाट फटफटली की मी त्याच्याबरोबर वरच्या डोहात. पाण्यावर वाफ असायची, बोटं गारठून जायची. मी वल्ह्यावर राहून काहील स्थिर धरायची आणि त्यानं आदल्या संध्याकाळी लावलेलं जाळं ओढायचं. जाळ्याला बांधलेले वाळक्या भोपळ्याचे तरंगणारे तुकडे एकेक करून आत यायचे. मरळ यायचा, वाम यायची, कधी मिशीवाला शिंगटा. मासा काहिलीच्या तळावर आपटला की लोखंड घुमायचं आणि तो आवाज समोरच्या दरडीवरून परत यायचा. तात्या लहान मासा सोडून द्यायचा, "जा, आयला सांग येसूनं सोडलं," म्हणायचा. मी त्या महिन्यांत जितका सुखी होतो तितका नंतर कधी झालो नाही. हे मी आज लिहितोय म्हणून गोड लागतंय असं नाही, तेव्हाही मला ते कळत होतं.

पौषात त्याची काहील गेली. कधीपासून पातळ होत आलेली होती, एका सकाळी खडकावर टेकली आणि तळाला हात जाईल एवढं भोक पडलं. वाळक्या भोपळ्यांची सांगड, म्हणजे तराफा, बांधून तात्या मासेमारी करू लागला, पण सांगडीवर बायामाणसं, म्हातारीकोतारी कशी बसणार? चैत्रात पलीकडच्या तीरावर देवीआईची जत्रा. अख्खा गाव पलीकडं जाणार. आणि पलीकडच्या गंगाराम नावाच्या माणसानं नेमकी त्याच साली लाकडाची नवीकोरी नाव करून घेतलेली. पाटील, ज्यांना सगळे आबा म्हणत, माणूस वाईट नव्हते. पारावर सगळ्यांदेखत त्यांनी तात्याला सांगितलं, "येसू, जत्रंपत्तूर काहील आन. आनलीस तर गावाला उतरवायचं काम तुजंच. न्हाय आनलीस तर मला गंगारामाला बोलवावं लागंल. आन एकदा बोलावला की मंग त्यो काय परत जायाचा न्हाय, ह्ये तुलाबी कळतंय."

तात्या तीन गावं पालथी घालून आला. गुऱ्हाळं भर हंगामात होती, काहील कोण सोडतो? तेव्हा मला माझे कळंबचे मामा आठवले. पाटाच्या पाण्यावर त्यांचा ऊस, त्यांचं गुऱ्हाळ, आणि नवी काहील घ्यायचं त्यांच्या मनात होतंच. मी पत्र टाकलं. शिमगा झाला, त्यांचं गुऱ्हाळ उठलं, आणि शेवटचा गूळ निघाल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी ती काहील गाडीवर उपडी घालून निघालो. निघताना मामांचा गूळ शिजवणारा गुळव्या म्हणाला, "दोन ठिगळं हायती बगा. चुलीवर टिपूस गळत न्हाय." मी अडीच दिवस त्या गाडीबरोबर चाललो. गावात शिरलो तेव्हा लोक बाहेर आले. कुणी तरी माझ्या गळ्यात हारही घातला, झेंडूचा. मी म्हणजे अगदी राज्य जिंकून आलो होतो!

घाट उभा, गाडी खाली उतरेना. काहील शाळेच्या आवारात ठेवली. आणि तात्या नेमका हिवतापानं पडलेला. मी त्याच्या झोपडीत गेलो तर तो वाकळेत कुडकुडत होता, पण डोळे आनंदानं भरलेले. माझा हात त्यानं धरला, तापानं भाजत होता. म्हणाला, "मास्तर, नीट ऐका. चुलीवरची काहील येगळी आन पान्यावरची येगळी. रस करपून ठिगळाच्या फटीत बसतो, त्यानं फट मुजती. चुलीवर ती गळायची न्हाय. पान्यात त्यो गूळ इरगळतो. म्हनून नवी काहील आदी काठोकाठ पान्यानं भरायची आन तीन दिस तशी ठिवायची. सगळा गूळ सुटू द्यायचा. मंग फट खरी कुठं हाय ती दिसंल, तितं मी राळ भरतो. तीन दिस. इसरू नगा." कोनाड्यात राळेचा गोळा आणि चिंध्या त्यानं आधीच आणून ठेवलेल्या होत्या. सारजाकाकूनं त्या मला काढून दाखवल्या.

मी पोरांना लावून विहिरीवरून पाणी आणवलं. दीड-दोनशे घागरी झाल्या. संध्याकाळपर्यंत काहील भरली, मी कंदील घेऊन खालून पाहिलं, टिपूस नाही. सकाळी पाहिलं, टिपूस नाही. पाणी मात्र चहासारखं तांबूस झालेलं आणि ठिगळाच्या कडेला बाहेरून मुंगळ्यांची रांग लागलेली. ती रांग मी पाहिली. पाहिली आणि केरसुणीनं झाडून टाकली.

कारण त्याच सकाळी इंदापुराहून निरोप आला, की उद्या दिपोटी, म्हणजे शाळाखात्याचे साहेब, शाळा तपासायला येणार. माझी पहिली तपासणी. आवारात पाण्यानं भरलेली, मुंगळे लागलेली, शेळ्या तोंड घालतायत अशी ती गुळाची कढई बघून दिपोटी काय म्हणाला असता? मी चार बाप्ये बोलावले, काहील उपडी करून पाणी सोडून दिलं, आवार सारवून घेतलं, रांगोळी काढवली. एक रात्र. तीन दिवसांऐवजी एक रात्र. दिपोटी आला, पोरांना पाढे विचारले, माझी पाठ थोपटली आणि शेऱ्याच्या वहीत 'मास्तर होतकरू आहेत' असं लिहून गेला.

जत्रेच्या आदल्या दिवशी तात्या ताप उतरून काठी टेकत आला. काहिलीभोवती दोनदा फिरला. "तीन दिस?" त्यानं विचारलं.

"तीन दिवस," मी म्हणालो.

"गळली कुठं?"

"थेंब नाही."

तो खाली वाकला. ठिगळावरून अंगठा फिरवला. मग हसला. "मास्तर सांगत्यात न्हाय, मंग न्हाय." राळेचा गोळा त्यानं काखेतून आणला होता, तो तसाच परत नेला. आता विचार करतो, तेव्हा तरी बोलायचं होतं. संध्याकाळ होती, राळ हातात होती, माणसं होती. एक वाक्य. पण मी नुकताच होतकरू झालो होतो ना!

जत्रेचा दिवस. काठावर नवी लुगडी, वाजंत्री, नारळ. दोन्ही अंगाच्या वाळूत भोयांनी कलिंगडाचे वेल लावलेले, ते ऐन भरात. तात्यानं डोक्याला धुवट पटका बांधला होता. वाकून त्यानं पाणी चाखलं, कपाळाला हात लावला, आणि पहिली खेप नेली. आबा पाटील पहिल्या खेपेला बसले, मुद्दाम. दुसरी खेप गेली. तात्याचा आवाज डोहाभर ऐकू येत होता, "या, या, बसा, पाय कोरडा ऱ्हानार, येसूचा सबुद हाय." गंगारामाची नाव पलीकडं रिकामी बांधून ठेवलेली होती.

तिसऱ्या खेपेला मी बसलो. आठ बायामाणसं, एक म्हातारी, तिच्या नातवाच्या नवसाचा बोकड, पाय बांधलेला. डोहाच्या मध्यावर आलो आणि माझ्या तळपायाला गार लागलं. मी खाली पाहिलं. ठिगळाच्या कडेची काळी खपली मऊ पडून सुटत होती आणि तिच्याखालून पाणी येत होतं. जोरानं नाही, अगदी सावकाश. मी काय केलं सांगू? ओरडलो नाही. तात्याला सांगितलं नाही. मी त्या फटीवर पाय ठेवला आणि समोर बघत राहिलो.

पाण्याला काय, त्यानं दुसरी फट शोधली. "पानी! आगं बाई, पानी!" एक बाई उभी राहिली, तिच्यामागं दुसरी. काहिलीत उभं राहिलं की संपलं. "बसा! हलू नगा! बसा माज्या आयांनो!" तात्या वल्हं टाकून मधे आला, दोन्ही हात पसरून उभा राहिला. आणि त्याच धांदलीत, मला अजून कळत नाही का, कदाचित जन्माची सवय म्हणून, तो वाकला, तळातल्या, गूळ विरघळून तांबूस झालेल्या पाण्यात दोन बोटं बुडवली आणि जिभेला लावली.

त्यानं मान वर केली तेव्हा मी त्याच्याच समोर होतो. त्यानं माझ्याकडं पाहिलं की माझ्यामागच्या गंगारामाच्या नावेकडं, ते मला सांगता येणार नाही. पुढच्याच क्षणी काहील कलंडली.

माणूस एकही गेलं नाही. गंगारामाची नाव आली, तात्यानं आणि पोहणाऱ्या पोरांनी बाया काढल्या, म्हातारीला त्यानं स्वतः खांद्यावर घेतलं. पण बोकड बांधलेला होता. तो गेला. म्हातारी वाळूवर बसून छाती पिटत होती, "आईनं माजा नवस घेतला न्हाय गं! आईनं बोकड परत क्येला!" आणि ते शब्द पेटल्यासारखे जत्रेत फिरले. नुसती काहील गळली असती तर लोकांनी चार शिव्या घालून सोडलं असतं. पण नवसाचा बोकड येसूच्या काहिलीत बुडाला, म्हणजे आईचं मन येसूवरून उडालं.

दुसऱ्या दिवशी पारावर गाव बसला. आबा म्हणाले, "येसू, काय झालं त्ये तूच सांग." तात्या जमिनीकडं बघत होता. मी पाराच्या कडेला बसलो होतो, आणि मी मनात म्हणत होतो की हा आता माझं नाव घेईल, घेऊ दे बाबा एकदाचं, म्हणजे सुटलो. तात्या म्हणाला, "चूक माजी. राळ भरायची हुती. ताप हुता, आळस क्येला." एवढंच. बाजूला सारजाकाकू पदर तोंडात धरून उभी होती. मी उठलो नाही. लाज वाटली म्हणून नाही हो, भीती वाटली. नोकरी नवी, शेरा नवा. आणि उद्या सांगू असं म्हणालो. उद्या म्हणणाऱ्याला उद्या फार मिळतात.

नंतर त्यानं ती काहील काढली, तीन दिवस भरून ठेवली, फटी शोधल्या, राळ भरली. आठ माणसं उभी राहून नाचली असती तरी थेंब आला नसता, इतकी सुरेख केली. आणि घाटावर बसला. वैशाख उजाडला, ऊन तावू लागलं, तो बसून असे. लोक खालच्या घाटानं गंगारामाच्या नावेकडं जायचे आणि जाताना त्याच्याकडं न बघता जायचे. त्याच्या काहिलीत बसायचो मी एकटा. शाळा सुटली की जायचो, पलीकडं काही काम नसताना पलीकडं जायचो आणि लगेच परत यायचो. तात्या नेमानं पाणी चाखायचा, कपाळाला हात लावायचा, न बोलता न्यायचा, न बोलता आणायचा. रोज मी ठरवायचो की मधल्या डोहात सांगायचं. रोज डोह सरायचा.

एकदा तो आपण होऊन बोलला. "जाळंबी सोडलं मास्तर. ज्या पान्यावर आपला सबुद ऱ्हायला न्हाय, त्या पान्यावर जाळं काय टाकायचं?" मी काही तरी बोललो, लोक विसरतील वगैरे. तो म्हणाला, "लोक इसरतील. नदी न्हाय."

मृग लागायच्या आत तात्या आणि सारजाकाकू गाव सोडून गेले, पाटाकडं, मजुरीला. जाताना काहील धुऊनपुसून शाळेच्या आवारात ठेवली. "मामास्नी परत द्या. आता कुठंबी गळायची न्हाय." मी पावसाळा संपेपर्यंत राहिलो आणि बदली मागून घेतली. त्या नदीवर मी पुन्हा वल्हं धरलं नाही.

मागल्या वर्षी नातवानं हट्टानं मोटारीतून तिकडं नेलं, धरणाचं पाणी दाखवायला. समुद्रच की! लांब पाय असलेले गुलाबी पक्षी, त्यांचे फोटो काढणारी मंडळी, मक्याची कणसं विकणारे. नातू म्हणाला, "आजोबा, तुमची शाळा कुठं होती?" मी बोट दाखवलं, कुठं तरी. मला कसं ठाऊक? वळण नाही, डोह नाही, घाट नाही, दरड नाही. जिथं बुडालो ती जागासुद्धा बुडालेली. मला वाटलं होतं की आता बरं वाटेल. काही वाटलं नाही. मी काठाशी वाकलो, ओंजळीत पाणी घेतलं आणि जिभेला लावलं. नातू ओरडला, "अहो घाण आहे ते!" मला कशाचीच चव लागली नाही. ती कळायला येसूतात्या हवा.

त्याला मी, त्यानं गाव सोडल्यावर, एकदाच भेटलो. तीन वर्षांनी, अशाच माघात. माळेगाव बुद्रुकजवळच्या शाळेवर मी होतो. दुपारचा पाटाच्या कडेनं चाललो होतो, एक गुऱ्हाळ लागलं, आणि चुलवाणाच्या, म्हणजे गुळाच्या मोठ्या चुलीच्या, तोंडाशी चिपाडं सारत बसलेला एक म्हातारा दिसला. भुवया जळालेल्या, डोळे लाल. वर काहील उकळत होती, आणि तो तिच्याखाली जाळ घालत होता. मी ओळखलं तेव्हा पाय मागं घ्यायला हवे होते, पण त्यानं आधीच पाहिलं होतं.

"मास्तर! आवं, या या! सारजे, मास्तर आल्यात!"

शेजारी उसाच्या पाचटाची खोप होती. त्यातून सारजाकाकू आली. तिनं मला घोंगडी टाकून दिली, बरं आहे का विचारलं, आणि आत गेली. तात्यानं माझी चौकशी केली, लग्न झालं का, कितवी इयत्ता शिकवतो, वल्हं विसरलो का. हसला देखील. मी त्याच्याकडं बघून मनात शब्द जुळवत होतो. तीन वर्षं जुळवत होतो, ते तोंडपाठ झाले होते. तात्या, मी तीन दिवस ठेवली नव्हती. एवढंच तर म्हणायचं होतं.

तेवढ्यात सारजाकाकू बाहेर आली. उन्हातून आलेल्या माणसाला देतात तसं तांब्यात पाणी आणि वाटीत गुळाचा खडा. ताजा, त्याच काहिलीतला, अजून कोमट. तिनं तो माझ्यासमोर ठेवला आणि ती तिथंच उभी राहिली. माझा हात पुढं होईना. मी नुसता त्या खड्याकडं बघत राहिलो. चुलवाणात चिपाडं तडतडत होती.

तात्यानं हातातलं चिपाड आत सारलं. माझ्याकडं न बघता, जाळाकडं बघत, अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "खावा मास्तर. गुळाचा काय दोस?"

मी खडा तोंडात टाकला, वर पाणी प्यायलो, आणि येतो म्हणून उठलो. सांगायचं ते तेव्हाही सांगितलं नाही.